आरेखकांचा वर्ग ते अभिमत विद्यापीठ : एका इतिहासाचे न झालेले वाचन

संस्थांच्या गौरवग्रंथांविषयी आमची एक जुनी तक्रार आहे. शताब्दी आली, अमृतमहोत्सव आला की ग्रंथ निघतो. त्यात संस्थापकांचे तैलचित्र असते, प्राचार्यांची नामावली असते, नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी असतात. संस्थेत प्रवेश कोणाला, शिकवावे कोणी, शिकवावे ते कोणत्या पदवीसाठी आणि त्याचा खर्च कोणी उचलावा, हे ज्या आदेशांनी ठरवले, ते आदेश मात्र परिशिष्टातही सापडत नाहीत. ‘प्रशासकीय इतिहास’ म्हटले की साहित्याच्या माणसाला लाल फीत, बांधलेल्या नस्त्या आणि धूळ आठवते. तो विषय कारकुनांचा म्हणून बाजूला सारला जातो. आमचे मत याच्या नेमके उलट आहे. संस्थेचे चरित्र तिच्या थोर माणसांत जितके असते, त्याहून अधिक तिच्या शासन निर्णयांत असते. ते वाचण्याची सवय आपल्याला नाही, म्हणून नवा निर्णय आला की आपण एक तर टाळ्या वाजवतो किंवा हळहळतो. त्याचा अर्थ लावत नाही.

हे उदाहरणाने दाखवणे बरे. उदाहरण आम्ही मुद्दाम आपल्या विषयाबाहेरचे घेतो : मुंबईचे सर ज. जी. वास्तुशास्त्र महाविद्यालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘जे.जे.’ची वास्तुकला शाखा.

जे.जे.ची प्रचलित कथा आपल्याला पाठ आहे. सर जमशेटजी जिजिभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली कलाशाळा उभी राहिली. १८६५ साली लॉकवुड किपलिंग शिकवायला आले आणि त्याच वर्षी रुडयार्डचा जन्म झाला. क्रॉफर्ड मार्केटवर किपलिंगांची उठावशिल्पे लागली, व्हिक्टोरिया टर्मिनसच्या अलंकरणात शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. पुढे जॉन बेग आले, रॉबर्ट केबल आले, क्लॉड बॅटली आले. ही कथा खोटी नाही. परंतु ती व्यक्तींची कथा आहे, आणि व्यक्तींच्या कथेत एक गोष्ट हटकून निसटते : ही माणसे ज्या खुर्चीवर बसली, ती खुर्ची कोणाच्या दफ्तरात होती?

१८५७ हे साल पाहा. त्याच वर्षी, त्याच शहरात मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. दोन्ही संस्था जन्माने जुळ्या, आणि पुढे एकमेकींपासून पायी अर्ध्या तासाच्या आत नांदलेल्या. तरीही वास्तुकला विद्यापीठाच्या उंबरठ्याच्या आत आली ती १९५२ साली. पंचाण्णव वर्षे लागली. या पंचाण्णव वर्षांचा जाब कोणत्याही गौरवग्रंथाने विचारल्याचे आमच्या वाचनात नाही.

विद्यापीठाला व्यावसायिक शिक्षणाचे वावडे होते, असे कोणी म्हणेल तर ते टिकणारे नाही. पुण्यात १८५४ साली सुरू झालेली अभियांत्रिकीची शाळा एकोणिसाव्या शतकातच विद्यापीठाशी जोडली गेली. विश्वेश्वरय्यांनी तेथूनच १८८३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यापीठीय परीक्षा दिली. विद्यापीठाला इमारतींचे वावडे होते, असेही नाही. विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि १८७८ साली पुरा झालेला राजाबाई टॉवर यांचे आराखडे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडून विलायतेतून मागवले गेले. स्कॉट स्वतः कधी हिंदुस्थानात आलेही नाहीत. म्हणजे विद्यापीठाला वास्तुकला हवी होती, ती आपल्या डोक्यावर छप्पर म्हणून. ज्ञानशाखा म्हणून तिला आत घेण्याची गरज त्याला भासली नाही.

याचे कारण आमच्या मते सरळ आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याला एतद्देशीय अभियंते हवे होते, तेव्हा त्यांच्यासाठी विद्यापीठाची परीक्षा उभी राहिली. वास्तुविशारद मात्र इंग्लंडातून येत. येथे हवे होते ते त्यांचे आराखडे स्वच्छ उतरवून देणारे हात. जे.जे.मध्ये १८९६ साली जो पहिला वर्ग निघाला, त्याचे नाव आमच्या म्हणण्याची साक्ष देते : तो ‘ड्राफ्ट्समन’चा, आरेखकांचा वर्ग होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेग यांच्या पुढाकाराने त्याचा पद्धतशीर अभ्यासक्रम झाला. आणि हे बेग मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुविशारद होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १८६६ सालीच सरकारने शाळेचा कारभार आपल्या हाती घेतला होता. देणगी एका व्यापाऱ्याची, कारभार सरकारचा, अभ्यासक्रमामागे सरकारी वास्तुविशारद आणि शेवटी मिळणार ती शासकीय पदविका. या साखळीत विद्यापीठाला, म्हणजे ज्ञानाविषयी मतभेद करण्याच्या जागेला, कोठेच स्थान नव्हते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांला मान्य करायला हवा. याच काळात, याच चौकटीत बॅटली झाले. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे त्यांनी शाळेची धुरा वाहिली; विद्यार्थ्यांना जुन्या इमारतींकडे पाठवले, त्यांची मोजमापे घेऊन आरेखने करायला लावली, भारतीय वास्तुकलेच्या रचनाविकासावर १९३४ साली ग्रंथ सिद्ध केला. मग आदेशांना इतके महत्त्व कशाला? चांगला शिक्षक कोणत्याही चौकटीत चांगलाच ठरतो, असे आमचे काही स्नेही म्हणतात.

आम्ही विचारतो, बॅटली वीस वर्षे शिकवू शकले ते कशाच्या बळावर? त्यांच्या प्रतिभेविषयी दुमत नाही. परंतु वीस वर्षे ही प्रतिभेची गोष्ट नसते. ती मंजूर पदाची आणि नियमित वेतनाची गोष्ट असते. ग्रेगसन, बॅटली अँड किंग ही त्यांची व्यवसायसंस्था चालू असताना ते शिकवत होते; ती मुभा कोणीतरी कागदावर दिली असणार. शासन निर्णय बॅटली घडवू शकत नाही, हे खरेच. परंतु बॅटलीला वीस वर्षे राहू द्यायचे की दर जूनमध्ये नव्याने नेमणुकीचे पत्र द्यायचे, हे शासन निर्णयच ठरवतो. आपल्यापैकी ज्यांनी तासिका तत्त्वावर शिकवले आहे, त्यांना हा फरक अधिक समजावून सांगण्याचे कारण नाही. पुढच्या वर्षी आपण या वर्गावर असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो विद्यार्थ्यांना कोणत्या दीर्घ कामाला लावणार? मोजमाप घेऊन आरेखन करणे असो, की हस्तलिखिताची पाठचिकित्सा असो, दोन्हींना वर्षे लागतात.

या काळातली आणखी एक नोंद आम्हांला मोलाची वाटते, कारण ती सरकारी नाही. १९१७ साली जे.जे.च्या वास्तुकला शाखेच्या माजी विद्यार्थ्यांनी आपली एक संघटना स्थापन केली. तिचेच १९२२ साली बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाले आणि १९२९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स. आरेखकांच्या वर्गातून सुरू झालेल्या शाखेच्या पहिल्या दोन पिढ्यांनी देशभरातल्या व्यवसायाची संस्था उभारली. विद्यापीठाने दार उघडण्याच्या कितीतरी आधी विद्यार्थ्यांनी स्वतःची ज्ञानसभा भरवली होती. प्रशासकीय इतिहास वाचायचा तो अशा जागा सापडाव्यात म्हणूनही. आदेशांची यादी पाहिल्यावरच आदेशाविना काय घडले ते कळते.

१९५२ साली मुंबई विद्यापीठाशी संलग्नता आली, शासकीय पदविकेच्या जागी पदवी आली. १९५८ साली वास्तुकला शाखा कलाशाळेतून वेगळी काढून स्वतंत्र महाविद्यालय करण्यात आले. उपयोजित कलेचीही वेगळी संस्था झाली. हा काळ प्रगतीचा म्हणून सांगितला जातो, आणि पदवीच्या दृष्टीने ती प्रगती होतीही. परंतु त्याच निर्णयांनी काय तोडले, तेही पाहावे. १९६५ साली कला संचालनालय निर्माण झाले आणि चित्र-शिल्पाचे शिक्षण त्याच्याकडे गेले. वास्तुकला मात्र तंत्रशिक्षण संचालनालयाच्या दप्तरात राहिली. चित्रकला-शिल्पकलेच्या कलाशाळेला विद्यापीठाची संलग्नता मिळायला १९८१ साल उजाडले. एकाच आवारात, एकाच झाडांच्या सावलीत बसणारे विद्यार्थी. त्यांतला एक पदवीधर, दुसरा एकोणतीस वर्षे पदविकाधारक. एक ‘तंत्र’ शिकतो, दुसरा ‘कला’.

वास्तुकला ही कला की तंत्र, या प्रश्नावर सौंदर्यशास्त्राच्या तासाला आपण घसा कोरडा करतो. येथे तो प्रश्न कोणत्या संचालनालयाने वेतनदेयकावर सही करायची, एवढ्यावर सुटला. कोणी तात्त्विक भूमिका मांडली नाही, कोणी खंडन केले नाही. ज्या शाळेने रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर पाने-फुले-पशुपक्षी कोरले, तिच्या वंशजांना भिंत एका खात्याकडे आणि पाने-फुले दुसऱ्या खात्याकडे मिळाली. पुढे आपण त्यालाच ‘विशेषीकरण’ असे भारदस्त नाव दिले.

यानंतरचा अध्याय तर एखाद्या फार्साला शोभावा. १९७२ साली वास्तुविशारद अधिनियम झाला आणि वास्तुकला परिषद अस्तित्वात आली. शिक्षणाचे किमान निकष ठरवण्याचा अधिकार तिला मिळाला. १९८७ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचा अधिनियम झाला, आणि त्याने ‘तंत्रशिक्षण’ या शब्दाच्या व्याख्येत वास्तुकलेचाही समावेश केला. एका विद्याशाखेला संसदेनेच दोन धनी दिले. विद्यापीठ हा तिसरा आणि राज्याचे संचालनालय हा चौथा. देशातल्या वास्तुकला महाविद्यालयांनी तीन दशके या दुहेरी जोखडाखाली काढली. कोणाची मान्यता घ्यायची, कोणाचे निकष पाळायचे, हा वाद शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तो नेणाऱ्या खटल्यात कोल्हापूरच्या श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या वास्तुकला महाविद्यालयाचे नाव आहे. ८ नोव्हेंबर २०१९ रोजी न्यायालयाने निर्णय दिला : वास्तुकलेच्या पदव्या आणि पदविकांच्या मान्यतेपुरता १९७२ चा अधिनियमच प्रभावी राहील, तंत्रशिक्षण परिषदेला त्यात नियमन करता येणार नाही. १९८७ पासून बत्तीस वर्षे एका शब्दाच्या व्याख्येने एवढा घोळ घातला. शब्दांच्या व्याख्या हा आपला प्रांत आहे, असे आपण समजतो. मग या व्याख्येकडे आपल्यापैकी किती जणांचे लक्ष होते?

नियमनाला सरसकट शिव्या घालण्याचा आमचा हेतू नाही. वास्तुकला परिषदेच्या १९८३ च्या किमान मानकांत एक साधी अट होती : आठ विद्यार्थ्यांमागे एक अध्यापक, आणि पहिल्या वर्षाच्या एका वर्गात चाळिसांहून अधिक विद्यार्थी नाहीत. २०२० साली त्या नियमांची जागा नव्या नियमावलीने घेतली; परंतु एवढ्या एका अटीने वास्तुकलेच्या शिक्षणाचे जे रक्षण केले असेल, ते शंभर उद्घाटनपर भाषणांनी होणारे नव्हते. अनिवार्य मराठीच्या भरगच्च वर्गासमोर ध्वनिक्षेपक हाती धरून ज्यांनी निबंधलेखन शिकवले आहे, त्यांना ‘आठास एक’ या शब्दांचे मोल कळेल. मागणी करायची ती अशा आकड्यांची करावी. आपण मात्र ‘दर्जा’ मागतो.

आता भाषेकडे वळतो. महाविद्यालयाच्या मराठी नावात ‘वास्तुशास्त्र’ हा शब्द आहे. आज हा शब्द उच्चारला की सर्वसामान्य मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पाच वर्षांचा अभ्यासक्रम येत नाही. स्वयंपाकघराची दिशा आणि देवघराचा कोपरा येतो. ‘स्थापत्य’ म्हणावे, तर तो शब्द शासनव्यवहाराने केव्हाच अभियंत्याला देऊन टाकला आहे. म्हणजे ज्या विद्येने मुंबईचा चेहरा घडवला, तिला तिच्या शहराच्या भाषेत निःसंदिग्ध नाव उरलेले नाही. ‘वास्तुकला’, ‘वास्तुरचना’, ‘वास्तुविद्या’ असे पर्याय लोक आपापल्या मगदुराप्रमाणे वापरतात. वर्ग चालतो तो इंग्रजीत. जिल्ह्याच्या गावातून आलेला, वाड्याच्या चौकात, धाब्याच्या घरात किंवा कौलारू पडवीत वाढलेला विद्यार्थी ज्या जागा अंगाने ओळखतो, त्यांना तेथे वेगळीच नावे मिळतात. ओसरी, पडवी, माजघर, परसू, सोपा, ओटी हे शब्द त्याच्याजवळ असतात. ते ज्ञान आहे, हे त्याला कोणी सांगत नाही.

हा दोष एकट्या वास्तुकलेच्या अध्यापकांवर टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९५२ पासून सुमारे सत्तर वर्षे त्यांचे महाविद्यालय आणि मुंबईतले मराठीचे विभाग एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली होते. या सत्तर वर्षांत आपण ग्रामीण कादंबरीतल्या घराचे ‘प्रतीक’ म्हणून विश्लेषण करणारे किती प्रबंध लिहिले, आणि त्या घराचा आराखडा वास्तुकलेच्या विद्यार्थ्याकडून समजून घ्यायला किती वेळा गेलो? परिभाषा घडवायला दोन विभागांनी एकत्र बसायचे असते. विद्याशाखांच्या प्रशासकीय भिंतींविषयी आपण तक्रार करतो खरी, परंतु त्या भिंतींच्या आडोशाला आपलेही बरे चालले होते, हे कबूल केले पाहिजे.

आणि आता २०२३. त्या वर्षी जे.जे.च्या कला, उपयोजित कला आणि वास्तुकला या तिन्ही शाखा एकत्र आणून त्यांना ‘सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, आर्किटेक्चर अँड डिझाइन’ या नावाने अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. दर्जा मिळाला तो ‘डी नोव्हो’ या प्रवर्गात. हा लॅटिन शब्दप्रयोग. त्याचा अर्थ ‘नव्याने’. एकशे सहासष्ट वर्षांच्या संस्थेला नव्याने जन्मलेली म्हणून प्रमाणपत्र मिळावे, यातला विनोद कोणाच्या ध्यानात आला की नाही, ठाऊक नाही. आम्हांला मात्र तो विनोदापेक्षा अधिक काही वाटतो. ज्या संस्थेचा प्रशासकीय इतिहास कोणी वाचलेला नसतो, तिला प्रत्येक निर्णयाच्या वेळी नव्यानेच जन्मावे लागते.

तिन्ही शाखा पुन्हा एकत्र आल्या, याचे आम्ही स्वागत करतो. १९५८ च्या आणि १९६५ च्या निर्णयांनी जे तोडले, ते जोडण्याची ही संधी आहे. परंतु जे तुटले ते कागदावर तुटले होते, तसेच जे जोडले गेले तेही तूर्त कागदावरच. ‘स्वायत्तता आली’ असा जो जयघोष झाला, त्यात आम्हांला सूर मिसळता येत नाही. स्वायत्तता कोणाची, हे वरच्या इतिहासाने आपल्याला विचारायला शिकवले पाहिजे. सरकारच्या हातून कारभार सुटला, तर खर्च कोणाच्या खांद्यावर जाईल? कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावाहून येणारी मुलगी आजवर शासकीय महाविद्यालयाच्या शुल्कात वास्तुविशारद होऊ शकत होती. ती उद्याही होऊ शकेल, याची हमी कोणत्या कलमात आहे? आरक्षण, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची तरतूद कोणाच्या नावे आहे? मंजूर पदे किती, त्यांतली पूर्णवेळ आणि कायम किती? अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळांवर निवडून आलेले अध्यापक किती आणि नेमलेले किती? शिल्पकलेचा विद्यार्थी आणि वास्तुकलेचा विद्यार्थी यांना एकत्र काम केल्याचे श्रेयांक मिळणार की नाही? आणि मराठीला या नव्या विद्यापीठात फलकावरच्या नावापलीकडे काही काम आहे काय?

हे प्रश्न कोणाच्या हेतूविषयी शंका म्हणून विचारलेले नाहीत. एकूण इतिहासाकडे पाहून विचारलेले आहेत. १८६६ साली कारभार सरकारकडे गेला, तेव्हा ते प्रगतीचे पाऊल मानले गेले असेल. १९५८ ला वेगळे होणे ही प्रगती होती. २०२३ ला एकत्र येणे हीही प्रगतीच. उलटसुलट दिशांच्या निर्णयांना एकच विशेषण लागू पडत असेल, तर त्या विशेषणात काही अर्थ उरत नाही. निर्णयाची पारख त्याच्या नावावरून होत नाही. शिकणारा, शिकवणारा आणि पैसे भरणारा या तिघांचे त्याने काय केले, यावरून होते.

आमच्या मागण्या दोनच आहेत आणि त्या छोट्या आहेत. पहिली, जे.जे.च्या स्थापनेपासूनचे सर्व आदेश, ठराव, संलग्नतेची पत्रे, पदनिर्मितीचे निर्णय एका खंडात, मराठीत, टिपांसह प्रसिद्ध व्हावेत. तो खंड कोणत्याही गौरवग्रंथाहून अधिक उपयोगाचा ठरेल. दुसरी मागणी आपल्याच लोकांकडे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात वैचारिक गद्य शिकवताना एखादा शासन निर्णय, एखादे अधिनियमातले व्याख्येचे कलम वाचायला द्यावे. कर्ता कोठे लपवला आहे, ‘करण्यात येत आहे’ या कर्मणी प्रयोगामागे कोण उभा आहे, कोणता शब्द मुद्दाम मोघम ठेवला आहे, हे ओळखण्याचे शिक्षण आपणच देऊ शकतो. कवितेतली संदिग्धता उलगडणाऱ्या विद्यार्थ्याला परिपत्रकातली संदिग्धता दिसू नये, हे आपल्या अध्यापनाचे अपयश आहे.

‘अभिमत’ या शब्दाचा अर्थ ‘मानलेले’. विद्यापीठ नाही, परंतु तसे मानले गेलेले. मानणारा कोण आणि त्याने कोणत्या अटींवर मानले, हे त्या शब्दात येत नाही. ते शासन निर्णयात असते, आणि तो वाचावा लागतो.